डॅल्मेशियनचं पिल्लू घेतलं त्या दुकानाचा रिव्ह्यू: एक स्टार, तोही पिल्लासाठी

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकणार नाहीये. एक तर मला वकिलाची नोटीस नकोय, आणि दुसरं म्हणजे नाव टाकलं की तुम्ही तेवढं एक दुकान टाळाल आणि पुढच्या चौकातल्या दुकानातून तेच घेऊन याल. पुण्याच्या जरा बाहेर, हायवेला लागून, एवढं पुरे. काचेवर लॅब्राडॉरचा भलामोठा फोटो, आत एका बाजूला माशांच्या टाक्या, दुसरीकडे खाण्याच्या गोण्या, आणि पार मागे पिल्लं. एसी चांगला होता, पार्किंग पण आहे. झालं, कौतुक संपलं.

डॅल्मेशियन लेकीला हवा होता. आठ वर्षांची आहे, ठिपके बघून पागल. मी आणि नवरा दोघंही ऑफिसवाले, घरी सासूबाई, दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, त्यामुळे खरं म्हणजे ही ब्रीडच आमच्यासाठी चुकीची होती. हा कुत्रा मुळात इंग्लंडात घोडागाडीच्या बरोबरीने मैलोन्‌मैल पळायला वापरायचे, त्याला पळायला नाही मिळालं तर तो घर कुरतडतो. हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ही आमची चूक, मान्य आहे.

तर मागे एका निळ्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पाच पिल्लं होती, एकाच वेताची, वर्तमानपत्राच्या चिंध्यांवर. आम्ही बघत असतानाच शेजारच्या गाळ्याचं शटर कोणीतरी धाडकन खाली ओढलं. मी स्वतः दचकले. चार पिल्लं ताडकन उठून बसली, कान टवकारून. पाचवं झोपलेलंच, तोंड भावाच्या पोटात खुपसून. काउंटरवरचा मुलगा लगेच म्हणाला, "हा बघा मॅडम, किती शांत आहे, फ्लॅटसाठी एकदम बेस्ट, बाकीचे दंगा करतात." आम्हाला ते पटलं. म्हणजे बघा, कानाची टेस्ट आमच्या डोळ्यांसमोर फुकटात झाली, निकाल पण लागला, आणि आम्ही तिघं "अगं किती गोड" म्हणत उभे.

मग त्याने पिल्लू उचलून तोंड आमच्याकडे फिरवलं. डावा डोळा तपकिरी आणि उजवा निळा, अगदी काचेच्या गोटीसारखा. "हे रेअर आहे मॅडम, इम्पोर्ट लाइन, हस्की लुक." साध्याचे २२ हजार, निळ्या डोळ्याचे पाच हजार जास्त. नवऱ्याने घासाघीस केली तर पैसे कमी नाही केले, शॅम्पूची बाटली फ्री दिली. या पाच हजारांकडे परत येते, ते महत्त्वाचे आहेत.

नाव ठेवलं तिळ्या. पांढऱ्यावर काळे तीळ सांडल्यासारखे ठिपके होते म्हणून. लेक दिवसभर तिळ्या तिळ्या ओरडत फिरायची आणि तो तिच्या मागे मागे, त्यामुळे आम्हाला वाटायचं वा, पाच दिवसात नाव शिकला. शिकला कसला, ती पळायची म्हणून तो पळायचा. ती पलंगावर बसून हाक मारायची तेव्हा तो ढिम्म. "हट्टी आहे", "झोपाळू आहे", "अजून लहान आहे", सगळी कारणं आमच्याकडे तयार होती. कुकरच्या शिट्ट्या होतायत, मिक्सर चालू आहे, हा ओट्याखाली चारी पाय वर करून झोपलेला. शेजारच्यांचा बीगल मिक्सरचा आवाज आला की बाथरूममध्ये पळतो, आणि आमचा बघा कसा धीट, असं मी त्यांना सांगितलंय. आठवलं की आजही लाज वाटते. चावायचा पण फार, म्हणजे खेळताना दात एवढे जोरात लावायचा की लेकीच्या हातावर वळ. नंतर कळलं की पिल्लं एकमेकांना चावतात तेव्हा समोरचं कळवळून ओरडतं आणि त्यावरून चावणाऱ्याला कळतं की बास आता. याला ते ओरडणं ऐकूच आलं नव्हतं कधी.

आमच्या सोसायटीच्या मागे नदीपात्रात ढोल पथकाची प्रॅक्टिस असते. गणपतीच्या आधी दोन महिने सुरू होते, रोज संध्याकाळी, खिडकीच्या काचा थरथरतात, टीव्ही पूर्ण व्हॉल्यूमला लावला तरी ऐकू येत नाही. त्या वर्षीच्या पहिल्या दिवशी सोसायटीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली, आणि तिळ्या सासूबाईंच्या गादीवर पडून शांतपणे घोरत होता. मी अजूनही कौतुकाच्याच मूडमध्ये. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या बराच वेळ, मग म्हणाल्या, "अगं, याला ऐकू येत नाही."

मी म्हटलं काहीतरीच काय आई. तर त्या म्हणाल्या, "तो सारखा आपल्या तोंडाकडे बघतो. मी बघते ना तसाच." सासूबाईंना सहा वर्षांपासून कानाचं मशीन आहे. ते काढलं की त्या असंच करतात, बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलवत नाहीत. मग त्यांनी त्याच्या डोक्यामागे हात नेऊन दोनदा टाळी वाजवली. घोरणं चालूच. तिसऱ्यांदा गादीवर हात आपटला, हादरा बसला, तर लगेच उठला आणि शेपूट हलवायला लागला. त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही.

आता डॉक्टरांचा रिव्ह्यू. पाच स्टार, सहावा असता तर तो पण दिला असता. छोटं क्लिनिक आहे, बाहेर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अपॉइंटमेंट घेऊन गेलं तरी तास जातो, पण डॉक्टर मॅडम घाई करत नाहीत. मी आत गेल्या गेल्या सुरू केलं की आम्ही टाळ्या वाजवून बघितलं, तर त्या म्हणाल्या टाळीने हवा हलते, सावली पडते, जमीन हलते, कुत्रा त्यातल्या कशानेही वळेल, मग तुम्हाला वाटेल ऐकलं. नवऱ्याला सांगितलं तिळ्याला टेबलावर भिंतीकडे तोंड करून धरा, आणि स्वतः मागे दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीवर एक पाल होती, तिळ्या तिच्याकडे एकटक बघत होता. मॅडमनी पिशवीत हात घालून चुंई चुंई वाजणारं खेळणं दाबलं. बाहेरच्या खुर्चीपाशी बसलेला कोणाचा तरी लॅब लगेच भुंकला. तिळ्या पाल बघतोय. किल्ल्यांचा जुडगा वाजवला. लॅब भुंकला. स्टीलच्या वाटीवर चमचा मारला, लॅब आता दारावर पंजे मारतोय, आणि आमच्या पोराच्या कानाचं टोक पण हललं नाही. पाल सरकली तेव्हा मात्र मान बरोबर वळली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

मॅडम म्हणाल्या, दोन्ही कानांनी ऐकू येत नाहीये असं दिसतंय, आणि हे जन्मतःचं आहे, तुमचं काही चुकलेलं नाही, इन्फेक्शन नाही, कानात तेल बिल घालू नका. (सासूबाईंनी कोमट तेलाची वाटी आदल्या रात्रीच तयार ठेवली होती, मी बोलले नाही.) पक्कं सांगायला बेरा टेस्ट लागते. तो शब्द ऐकून मी चमकलेच, कारण लेक जन्मली तेव्हा कावीळ जास्त होती, पेटीत ठेवलं होतं, आणि नंतर तिची बेरा केली होती. कुत्र्यांची पण तीच. कातडीत बारीक सुयांचे इलेक्ट्रोड लावतात, एकेका कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतंय त्याचा आलेख निघतो. ऐकणाऱ्या कानाच्या आलेखात चढउतार, बहिऱ्या कानाची सपाट रेघ. दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की करता येतं. म्हणजे विकायच्या आधी! आम्ही केली नाही, मॅडमच म्हणाल्या दोन्ही कान गेलेत तर मशीनने वेगळं काही कळणार नाही, ते पैसे ट्रेनिंगला ठेवा. खरी गरज एका कानाने बहिऱ्या असलेल्या कुत्र्याला आहे, कारण तो घरात अगदी नॉर्मल वागतो, हाकेला येतो, फक्त आवाज कुठून आला त्यात जरा गोंधळतो. मालकाला आयुष्यभर कळत नाही. मग त्याची पिल्लं होतात आणि त्यांच्यात हा दोष उतरतो.

मग मी विचारलं की असं होतं का मुळात, तर त्यांनी जे सांगितलं त्याने माझं डोकंच फिरलं.

आपल्याला वाटतं डॅल्मेशियनचे ठिपके म्हणजे रंग. तर तो कुत्रा मुळात पांढराच. पिल्लं जन्मतात तीच पांढरी शुभ्र, ठिपके दहा-पंधरा दिवसांनी उमटायला लागतात. पांढरा म्हणजे कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी पोचल्याच नाहीत. आता या पेशी फक्त रंगाचं काम करत नाहीत. आतल्या कानात एक पातळ पट्टा असतो, रक्तवाहिन्यांनी भरलेला, कानातल्या पाण्याचं गणित तो सांभाळतो, आणि त्याला जिवंत राहायला याच पेशी लागतात. त्या तिथे पोचल्या नाहीत की जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत तो पट्टा सुकतो, आणि त्याच्या मागोमाग आवाज पकडणाऱ्या बारीक केसांच्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. म्हणजे पिल्लाच्या कानाची दारं साधारण दोन आठवड्यांनी उघडतात आणि त्याच्या आसपासच आतलं दुकान बंद होतं.

आणि निळा डोळा? तोही तेच. बुबुळात रंग पोचला नाही म्हणून निळा. ज्या डॅल्मेशियनचा डोळा निळा त्याला बहिरेपणाचा धोका जास्त. उलट ज्या पिल्लाला जन्मतःच कानावर किंवा डोळ्याभोवती मोठा काळा डाग असतो त्याला धोका कमी, कारण तिथे रंग व्यवस्थित पोचलाय. आता गंमत बघा, अमेरिकन केनल क्लब (जातिवंत कुत्र्यांची नोंदणी आणि शो बघणारी तिथली संस्था) म्हणून आहे, त्यांच्या नियमात तो मोठा डाग असला की कुत्रा शोमधून बाद, आणि निळा डोळा चालतो. ज्याला ऐकू येण्याची शक्यता जास्त तो बाद! शोच्या नादात पिढ्यान्‌पिढ्या डागवाले बाजूला काढले, सुंदर सुटसुटीत ठिपक्यांचे ठेवले. सगळे निळ्या डोळ्यांचे बहिरे असतात असं नाही हां, आणि तपकिरी डोळ्यांचेही असतात, पण दुकानदाराने माझ्याकडून पाच हजार जास्त नेमके कशाचे घेतले ते मला त्या दिवशी कळलं. दोषाचे घेतले. प्रीमियम लावून.

हे काही क्वचित होतं असंही नाही. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉर्ज स्ट्रेन म्हणून प्राध्यापक आहेत, कुत्र्यांच्या बहिरेपणावर त्यांचं आयुष्य गेलंय, त्यांनी गोळा केलेल्या पाच हजारांहून जास्त डॅल्मेशियनच्या टेस्टमध्ये साधारण २२ टक्के एका कानाने आणि ८ टक्के दोन्ही कानांनी बहिरे निघाले. दहातले तीन! ब्रिटनमध्ये १९९२ ते २०१९ या काळात टेस्ट झालेल्या जवळजवळ नऊ हजार पिल्लांत एका कानाचे आणि दोन्ही कानांचे मिळून १८ टक्क्यांच्या आसपास, आणि तिथे हा आकडा वर्षानुवर्षं खाली येत गेलाय, कारण तिथले बरेच ब्रीडर अख्ख्या वेताची टेस्ट करतात आणि एका कानाने बहिऱ्या कुत्र्यालाही ब्रीडिंगला घेत नाहीत. आई-बाप दोघं ऐकणारे असले तरी बहिरं पिल्लू होऊ शकतं, त्यामुळे पूर्ण शून्य नाही होणार. पण कमी होतं, करायचं ठरवलं तर.

बरं, परत दुकानात. शनिवारी गेलो, तिळ्याला घेऊन. मालक होते. आमचं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, वागायला सभ्य माणूस. म्हणाले, "मॅडम, जिवंत मालाची गॅरंटी कोण देणार?" मी म्हटलं गॅरंटी नको, तुम्हाला माहीत होतं का ते सांगा. "आम्ही फक्त विकतो, ब्रीडर वेगळा." ब्रीडरचा नंबर द्या म्हटलं तर तो दिला नाही. मग म्हणाले, तुम्ही जुने कस्टमर (दोन महिने!), तुम्हाला नाराज नाही करणार, याला ठेवून जा, पुढच्या वेतातलं दुसरं घेऊन जा, एक रुपया नको. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तो विचार करतोय, आणि खोटं कशाला बोलू, मीही केला. २७ हजार आमच्यासाठी कमी नाहीत. फक्त मी विचारलं की याचं तुम्ही काय करणार?

मालकांनी तिळ्याला काउंटरवर उभं केलं, मागच्या पायांना हात लावून बघितलं, हनुवटी वर केली, आणि म्हणाले, "मेल आहे, मार्किंग टॉप आहे, ब्लू आय आहे. ब्रीडिंगला ठेवू. त्याला कान कशाला लागतात?"

आम्ही चहा अर्धा सोडून बाहेर आलो. पिल्लू घेऊन.

कागदांबद्दल पण लिहिते, कारण घेताना आम्ही हे काहीच बघितलं नव्हतं. बिल म्हणून एक कच्ची चिठ्ठी मिळाली, "१ पप्पी" लिहिलेलं आणि खाली शिक्का, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. केसीआय म्हणजे केनल क्लब ऑफ इंडियाचे पेपर्स महिन्याभरात येतील म्हणाले, दीड वर्ष झालं, येतायत. आणि आले असते तरी केसीआयचं सर्टिफिकेट म्हणजे वंशावळीचा कागद, आईबाप कोण ते सांगतो, कानाबद्दल एक अक्षर नाही. लोकांना वाटतं पेपर्स म्हणजे तब्येतीची हमी. तसं नसतं. लसीच्या कार्डावर स्टिकर होता, डॉक्टरची सही नव्हती, डॉक्टर मॅडमनी ते कार्ड बाजूला ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

आणि पिल्लू घेताना आम्हाला सांगितलं होतं, "४५ दिवसांचं आहे, एकदम राइट वय." ते दुकानात सगळीकडे असंच छातीठोक सांगतात. देशात कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे आणि विक्रीचे नियम २०१७ पासून आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, गणित सोपं आहे. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, पिल्लाला मायक्रोचिप लागते. पेट शॉपचे वेगळे नियम २०१८ चे, त्यातही नोंदणी आहेच. तिळ्याला चिप नाही, दुकानात नोंदणीचा कागद आम्हाला कुठे दिसला नाही, दिसला फक्त तो लॅब्राडॉरचा फोटो. ग्राहक आयोगात जायचं का, यावर घरात बरंच बोलणं झालं. माझ्या हातात काय तर ती चिठ्ठी. १९१५ या हेल्पलाइनला फोन करून ठेवलाय, पुढचं बघू.

अजून एक गोष्ट राहिली, डाएट चार्ट. दुकानातून लॅमिनेट केलेला चार्ट मिळाला होता, त्यात आठवड्यातून तीनदा कलेजी. "रक्त वाढतं." मी चिकन सेंटरवाल्याकडून स्पेशल आणत होते. हे ऐकून डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा आवाज चढवला. डॅल्मेशियनचं दुसरं दुखणं म्हणजे लघवी. या ब्रीडमध्ये युरिक अॅसिड पुढे पचवायचं तंत्र बिघडलेलं असतं, बाकी कुत्र्यांत ते विरघळणाऱ्या पदार्थात बदलून निघून जातं, यांच्यात तसंच लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होतात. मेल कुत्र्याची मूत्रनळी अरुंद, खडा अडकला की लघवी बंद आणि तातडीने हॉस्पिटल. आणि कलेजी, किडनी असले अवयव म्हणजे युरिक अॅसिडचा कच्चा माल. म्हणजे अख्ख्या जगात ज्या एका कुत्र्याला कलेजी देऊ नये त्याच्या चार्टवर कलेजी. हा जीनमधला दोष शुद्ध डॅल्मेशियनमध्ये झाडून सगळ्यांत आहे. अमेरिकेत रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये डॅल्मेशियनचा पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या परत डॅल्मेशियनशीच लावत चांगला जीन आत आणला, कुत्री दिसायला तशीच ठिपक्यांची. पण "शुद्ध नाहीत" म्हणून अमेरिकन केनल क्लबने त्यांना आत घ्यायला २०११ उजाडलं. आपल्याकडे पत्रिकेसाठी एवढं अडून बसत नाहीत हो. तिळ्याला आता पाणी भरपूर, चार ठिकाणी वाट्या ठेवल्यात, जेवण डॉक्टर सांगतील तेच, आणि अधूनमधून लघवीची तपासणी.

आता तो दीड वर्षाचा आहे. बहिरा कुत्रा सांभाळता येतो का, तर येतो, जमतं. पहिले दोन महिने वाईट गेले. झोपेत कोणी हात लावला की दचकून तोंड टाकायचा, एकदा कामाच्या मावशींच्या मनगटाला दात लागले, त्यांचे इंजेक्शनचे पैसे, सुट्टी, आणि ते "ताई, तुमचं ते पिसाळलंय" हे सगळं झालं. मग डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं, झोपलेला असताना आधी नाकासमोर पनीरचा तुकडा धरायचा, मग खांद्याला हलकं बोट लावायचं, उठला की लगेच तुकडा तोंडात. दिवसातून दहा-पंधरा वेळा, महिनाभर. आता हात लागला की डोळे उघडायच्या आधी जीभ बाहेर येते.

खुणा लेकीने ठरवल्या. अंगठा वर म्हणजे शाब्बास, तळहात समोर म्हणजे थांब, छातीवर दोनदा हात म्हणजे इकडे ये, आणि करंगळी म्हणजे खाली शू करायला जायचंय (ही शाळेतली, आपोआप आली). तिने पंधरा-वीस खुणा शिकवल्यात आणि तो सगळ्या ओळखतो. रात्री बोलवायचं तर ट्यूबलाइट बंद-चालू. दिवसा पाय आपटायचा, खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा विचारून गेल्या की तुमच्याकडे कवायत असते का. बाहेर मात्र पट्टा कधीच सोडत नाही. कधीच म्हणजे कधीच नाही, गाडीचा हॉर्न त्याला कळत नाही. टेलरकडून हार्नेसवर पिवळं कापड शिवून घेतलंय, त्यावर "मला ऐकू येत नाही" लिहिलंय. लोक मग मोठ्याने ओरडून त्याला हाक मारतात. काय बोलणार.

व्हायब्रेशनचा पट्टा ऑनलाइन मागवला, १,८०० ला, त्याला तीन स्टार. रिमोट दाबला की मानेपाशी मोबाइलसारखं थरथरतं आणि त्याने मागे वळून बघायचं, हे तो आठवड्यात शिकला. पण त्याच रिमोटवर शॉकचं बटण पण आहे, अगदी शेजारी, आणि ते डब्यावर कुठे धड लिहिलेलं नाही. नवऱ्याने बटणावर एम-सील लावून ते बुजवून टाकलं. घेणार असाल तर नुसत्या व्हायब्रेशनचाच बघा.

दिवाळीत आमच्या सोसायटीत तिळ्याएवढा खूश कोणी नसतो. बाकीची कुत्री पलंगाखाली, औषधं देऊन झोपवलेली, आणि हा गॅलरीच्या गजांतून नाक बाहेर काढून पाऊस-झाड आणि रॉकेट बघत बसतो. दुपारी सासूबाई मशीन काढून डबीत ठेवतात आणि पडतात, हा त्यांच्या पायाशी. दाराची बेल वाजवून वाजवून कुरियरवाला निघून जातो. दोघांनाही पत्ता नाही.

तुम्हाला डॅल्मेशियनच हवा असेल तर माझं एवढंच ऐका, दुकानात नका जाऊ, ब्रीडरच्या घरी जा, आई दाखव म्हणा, आणि अख्ख्या वेताची बेरा केली का, रिपोर्ट कुठेय ते विचारा. नुसतं "केली" म्हटलं तर रिपोर्ट मागा, दोन्ही कानांचा वेगवेगळा असतो. रिपोर्ट नसेल तर पिल्लू एकटं दुसऱ्या खोलीत न्या, भावंडांबरोबर असलं की ते त्यांचं बघून उठतं आणि तुम्ही फसता, पाठमोरं असताना लांबून किल्ल्या वाजवा, टाळी नको. एका कानाचं यात कळणार नाही, पण आमच्यासारखं तरी होणार नाही. निळ्या डोळ्याचे पैसे जास्त मागितले तर उठून या.

गेल्या आठवड्यात त्या दुकानाच्या नंबरवरून मेसेज आला, आमचा नंबर त्यांच्या लिस्टमध्ये अजून आहे. "डॅल्मेशियन पप्पीज अव्हेलेबल, ४५ डेज, टॉप मार्किंग, ब्लू आय एक्स्ट्रा चार्जेबल." खाली फोटो. तोच निळा क्रेट, त्याच चिंध्या, सहा पिल्लं, पाच कॅमेऱ्याकडे बघतायत आणि एक कोपऱ्यात झोपलंय.